खुले पत्र: आमची पदविका नेमकी कोणत्या खात्याची?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असाल, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

गेल्या आठवड्यात एका कंत्राटी पदाच्या कागदपत्र पडताळणीत माझी सार्वजनिक आरोग्याची पदविका टेबलावरून परत आली. "कम्युनिटी कॉलेज? यादीत नाही. पुढचे या." एवढंच. कॉलेजात गेले तर म्हणाले, आमचं काम शिकवायचं. पण त्यांच्याच माहितीपत्रकात 'शासकीय सेवेत संधी' असं ठळक छापलंय. तो कागद मी जपून ठेवलाय.

कम्युनिटी कॉलेजांची योजना विद्यापीठ अनुदान आयोगाचीच (यूजीसी), बाराव्या पंचवार्षिक योजनेतली. गावाच्या गरजेचं शिक्षण, हाताला काम, असं ते होतं. शिक्षण झालं खरं. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजून लिटर काढायचे, हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), मग पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी टेस्ट. पिवळा रंग चढला नाही तर पुन्हा. पिण्याचं पाणी धोक्याचं म्हणून गावाला लाल कार्ड का मिळतं, रांजणातल्या डेंगीच्या एडिस डासाच्या अळ्या कशा ओळखायच्या, सगळं येतं. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, संशय पाण्यावर गेला आणि टीव्हीवर क्लोरीन, क्लोरीन सुरू झालं, तेव्हा मी घरी बसून बघत होते.

आता गंमत ऐका. जिल्हा परिषदेच्या २०२३च्या जाहिरातीत आरोग्य सेवक (पुरुष) पदाला विज्ञान घेऊन दहावी झालेला चालतो. बारा महिन्यांचं प्रशिक्षण नसेल तर नेमणुकीनंतर करा म्हणे! जो शिकला नाही त्याला आधी पगार, मग शाळा. मी शिकून आले तर यादीत नाही. त्यात मी बाई. सेविका व्हायचं तर एएनएम हा नर्सिंगचा कोर्स लागतो. म्हणजे पुन्हा दोन वर्षं, पुन्हा फी.

फी कुठून आली होती, साहेब? वडिलांनी दुभती गाय विकली. धाकट्याचं आयटीआय राहिलं, तो आता ऊसतोडीच्या टोळीत आहे. कोविडमध्ये रात्र-रात्र सेंटरवर नोंदी केल्या, 'योद्धा' म्हणून प्रमाणपत्र मिळालं आणि लाट ओसरल्यावर कार्यमुक्तीचं पत्र. आज मी एका मेडिकलवर बिलं फाडते. भावकीतले "काय डॉक्टरीणबाई" म्हणून हसतात. आईनं लग्नकार्यांना जाणं सोडलंय.

मागणं फार नाही. कोणती पदविका कोणत्या पदाला चालते, हे प्रवेशाआधी जाहीर करा. आणि आम्हाला तेच बारा महिन्यांचं प्रशिक्षण द्या, मुलींनाही.

पण हे कोण करणार? २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२०पर्यंत बजेटचे आठ टक्के आरोग्यावर खर्चायचे होते. आपण त्याच्या आसपास तरी आहोत का? २०२१ला आरोग्य भरतीचा पेपर फुटला, खात्यातलेच अधिकारी पकडले गेले. त्याच वर्षी केंद्रानं संलग्न आरोग्य व्यवसायांचा (डॉक्टर-नर्स सोडून तंत्रज्ञ वगैरेंचा) कायदा केला, पदविकेला किमान दोन हजार तास ठरवले. आमचे तास त्यात धरायचे की नाही, हे सांगायला कुणाला सवड नाही. उद्घाटनाच्या फिती कापायला मात्र सगळे हजर.

आपली,
एक पदविकाधारक, मराठवाडा

प्रत: वैद्यकीय शिक्षण मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, कौशल्य विकास मंत्री. विषय आपला नसल्यास कृपया एकमेकांकडे पाठवू नये, तिथून मी जाऊन आले आहे.