डीचं बटण आणि 500 वॅटचा डबा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत घरचा गेमिंग पीसी कसा निवडावा म्हणून जो लेख आलाय तो वाचला, आणि खरं सांगतो, बॉक्सवर जे छापलेलं असतं तेच परत छापलंय. माऊस 26 हजार डीपीआय (हात इंचभर हलला की बाण किती ठिपके सरकतो तो आकडा), मॉनिटर 1 मिलीसेकंद, कीबोर्डला रंगीत लाईट, कॅबिनेटला काच. बरं मग? तो माऊस कुणी हातात धरला होता का, धरला तर किती दिवस, ते अख्ख्या पानात कुठं नाही, आणि वर नाव काय तर परीक्षण.

मी इचलकरंजीत डीटीपी करतो, वीस वर्षं झाली. घरात कॉम्प्युटर एकच. दिवसभर त्यावर लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं, आणि रात्री नवानंतर तो पोराचा. त्यामुळे आमच्याकडे जी वस्तू येते ती दोघांच्या हातून जाते. आता गंमत बघा, मी इनस्क्रिप्ट ह्या मराठी कीबोर्ड मांडणीवर टाईप करतो, त्यात अक्षराचा पाय मोडायचा तर डी दाबायचा. मराठीत जोडाक्षरं किती, म्हणजे दिवसातनं किती वेळा डी दाबला जात असेल हिशोब करा. आणि पोरगा गेममध्ये उजवीकडं सरकायला तोच डी दाबतो, आणि हळू नाही हं, हाणतोच. गेल्या वर्षी अशीच एक यादी वाचून 'मेकॅनिकल फील' लिहिलेला लाईटवाला कीबोर्ड आणला. फील मेकॅनिकल, आत रबराचा पडदा. पाच महिन्यांत डीवरचं अक्षर गेलं, मग बटण खाली जाऊन वर यायला वेळ लावायला लागलं, पत्रिकेत 'प्रसन्न'चं 'परसनन' व्हायला लागलं. एकदा तर तसंच प्रूफ गिऱ्हाईकाकडं गेलं. लाईट मात्र अजून सातही रंगांची झकास लागतेय.

शेवटी माळ्यावरचा जुना टीव्हीएस गोल्ड काढला. आमच्या धंद्यात आणि दुकानांच्या काउंटरवर हा खडखड वाजणारा कीबोर्ड गेमिंग हा शब्द इकडं यायच्या आधीपासून आहे, आणि तो खरा मेकॅनिकल आहे, प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच. पोरगा बघतच राहिला, म्हणला, बाबा, ह्याच्यासाठी लोक पैसे साठवतात. पण रात्री बारा वाजता त्यावर गेम सुरू झाला की आतल्या खोलीतनं माझी आई ओरडती, पत्रा वाजवतंय कोण म्हणून. मग त्याच्यासाठी वेगळा घेतला, लाल स्विचचा, टक्क आवाज न करणारा. निळे स्विच वाजतात, लाल गपगार खाली जातात, हे घरात म्हातारं माणूस असलेल्याला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे. तुमच्या लेखात स्विचचा रंग फक्त 'आवडीप्रमाणे' असा आलाय.

आता आकड्यांचं. ज्यांनी जुने स्पीकर बघितलेत त्यांना पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची फुगवून सांगितलेली ताकद, आठवत असेल, खोक्यावर 1000 वॅट पीएमपीओ आणि मागं चिमुकला अडॅप्टर. डीपीआयचं आज तेच झालंय. पोरगा 800 वर खेळतो, 26 हजारावर ठेवला तर बोट हललं की बाण पडद्याच्या बाहेर. पोलिंग रेट म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा खबर देतो ते, त्यात 125 वरनं 1000 वर गेलं तर दोन खबरींतलं अंतर 8 मिलीसेकंदाचं 1 होतं, हे मान्य. पण मॉनिटरच 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणारा, असेल तर नवीन चित्र 16.7 मिलीसेकंदाला एकदा येणार, तिथं माऊसनं किती घाई करायची?

म्हणून 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला, आणि आमचं येडेपण पण सांगतो, आठ दिवस आम्ही 144 च्या पैशात 60 बघत बसलो. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगात आत जाऊन रिफ्रेश रेट हातानं बदलावा लागला, दुकानदारानं सांगितलं नाही, आणि पोरगा आपला मित्रांना सांगतोय लई स्मूथ आहे म्हणून! पण त्या मॉनिटरचं माझं दुखणं वेगळंच. पॅनल टीएन, म्हणजे कोन बदलला की रंग बदलणाऱ्या जातीचं. समोर ताठ बसलं तर ठीक, जरा उठून उभं राहिलं की पत्रिकेवरचा कुंकवाचा लाल नारिंगीकडं झुकतो. गिऱ्हाईक नेहमी माझ्या खांद्यामागं उभं राहून बघतं, त्याला एक रंग दिसतो, मला दुसरा, आणि छापून आल्यावर भांडण. आयपीएस पॅनलचा, बाजूनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा, घ्यायला पाहिजे होता. आणि 1 मिलीसेकंदवाल्या बॉक्सवर बारीक अक्षरात एमपीआरटी लिहिलंय का बघा, ते हलतं चित्र डोळ्याला किती धूसर दिसतं त्याचं माप, पिक्सेल रंग किती वेगात बदलतो त्याचं नव्हे.

पण मला खरा राग आलाय तो लेखात एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला आतनं वीज पुरवणाऱ्या डब्याला, दिलेल्या दीड ओळीचा. 'किमान 500 वॅटचा घ्यावा.' संपलं. आमच्या आधीच्या पीसीत कॅबिनेटबरोबर फुकट आलेला 500 वॅटचाच होता. पावसाळ्यात लाईट दोन-तीनदा गेली-आली, फाट करून आवाज झाला, जळक्या वार्निशासारखा वास, आणि जाताना मदरबोर्ड पण घेऊन गेला. नंतर तो डबा हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, आणि लेबल नीट वाचलं तर 12 व्होल्टच्या लाईनला फक्त 14 अँपिअर. बारा गुणिले चौदा, 168 वॅट. कॉम्प्युटरमधली मोठी भूक, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, ह्याच 12 व्होल्टवर भागते. आरटीएक्स 4060 सारखं कार्ड 115 वॅटचं, त्यात 65 वॅटचा प्रोसेसर धरला तरी 180 झाले, आणि 65 वाला पण जोर लागला की 65 वर थांबत नाही. मग 500 कशाचे? हा गुणाकार चौथीतलं पोरगं करील, तो छापायला काय हरकत होती? 80 प्लसचा स्टिकर असला तर बरंच, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, व्होल्टेज वरखाली झालं तर डबा तग धरेल का ते नाही सांगत.

यूपीएसचं तसंच, 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हे, बऱ्याच यूपीएसवर तिथंच खाली 360 वॅट लिहिलेलं असतं. जुनं ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांनी नावावर जाऊ नये, जीटी 1030 दोन मेमरीत आलेलं आहे, डीडीआर4 वालं जीडीडीआर5 वाल्याच्या बरंच मागं, नाव मात्र तेच. लेखात नुसतं नाव आलंय.

आता दुकानातली बात. कोल्हापूरला एका दुकानात माऊस हातात घेऊन बघू का म्हणलं तर म्हणे सीलपॅक आहे, फोडला की घ्यायलाच लागेल. चपलेच्या दुकानात घालून बघायला देतात आणि रोज सहा तास हातात राहणारी वस्तू फोटो बघून घ्यायची. म्हणून तर तुमच्या लेखावर माणूस अवलंबून असतो हो.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी परीक्षण म्हणून छापाल तेव्हा वस्तू किती दिवस वापरली, विकत घेतली का कंपनीनं पाठवली, आणि परत गेली का घरातच राहिली, एवढ्या तीन ओळी खाली टाका. एसएमपीएसच्या लेबलचा फोटो टाका, कॅबिनेटच्या लाईटचा नाही टाकला तरी चालेल. आणि मराठी पेपर आहे तर कीबोर्डवर निदान एक पान मराठी टाईप करून बघा. डी कसा चाललाय ते कळेल.

आपला,
एक डीटीपीवाला वाचक
इचलकरंजी