शनिवारी वांगणीला वेस्टा

सभासदहो, शनिवार 26 एप्रिल 2025 रोजी रात्री वेस्टा लघुग्रह बघायला जायचंय. वांगणी स्टेशनबाहेर संध्याकाळी 7 ला जमू. दुसऱ्या दिवशी अमावास्या, त्यामुळे चंद्राची कटकट नाही. 2 मेच्या सुमारास वेस्टा प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येतोय. अशी संधी साधारण 17 महिन्यांनी मिळते.

रात्री 10 नंतर चित्रा ताऱ्याच्या पूर्वेला, तुळ राशीत शोधायचा. प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) सहाच्या आसपास, म्हणून द्विनेत्री (बायनॉक्युलर) हवीच. नुसत्या डोळ्यांना दिसला असं कुणी म्हणालं, तर आधी नकाशाशी ताडून बघू (मागच्या वेळी एका साध्या ताऱ्यावर पार्टी उकळली गेली होती!).

दुर्बिणीतही तो ठिपकाच दिसतो. व्यास सुमारे 525 किलोमीटर असला तरी अंतर फार. ओळखायची खूण एकच, तो सरकतो. सध्या दिवसाला साधारण पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्मा. म्हणून 10:30 ला दुर्बिणीतून दिसणारे तारे कागदावर काढा आणि पहाटे 3 ला पुन्हा काढा. फोटोपेक्षा यातच खरी मजा आहे. जर्मन खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्सने 1807 मध्ये तो शोधला तेव्हा कॅमेरा नव्हताच.

वही, पेन्सिल, सतरंजी, पाणी आणि लाल जिलेटिन लावलेली बॅटरी आणा. मोबाइलचा पांढरा उजेड दिसला की फोन जप्त. शेवटच्या लोकलने परतायचा विचार असेल तर येऊच नका, मुक्काम पहाटेपर्यंत आहे. नावं गुरुवारपर्यंत कळवा, चहा-पोह्यांचा अंदाज घ्यायचाय.