आप्पास पत्र: तुझ्या इंजिनातल्या पाण्याच्या सिलांबद्दल

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप गुरुवारी मिळाला. आज रविवार संपत आला तरी माझं उत्तर गेलं नाही, कारण तू मागितलंस ते दोन ओळींत निपटण्यासारखं नव्हतं. "तुझा रबराचा कारखाना आहे, मग मी बाहेरून कशाला घेऊ? विमानात बसवायच्या माझदाच्या 13बी इंजिनातल्या पाण्याच्या सिलांचा, म्हणजे रबरी रिंगांचा, अख्खा सेट व्हायटन रबरात काढून पाठव," असं तू लिहिलंस. आप्पा, मी तो सेट काढणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

काढता येत नाही असं नाही. डाय होईल, कंपाउंड मिळेल, प्रेसमधून रिंगा सुरेख निघतील. पण माझ्या रिंगा पंपात आणि डिझेल इंजिनात बसतात. त्या गळल्या तर पाणी जमिनीवर सांडतं, गिऱ्हाईक फोन करतं, आम्ही दुसऱ्या देतो. तुझी रिंग गळेल तेव्हा खाली विस्कॉन्सिनची मक्याची शेतं असतील आणि शेजारच्या सीटवर वहिनी असतील. तिथे माझी पहिलीवहिली बॅच बसवायची नाही.

आता तू पाठवलेल्या फोटोबद्दल. इंजिन किती स्वच्छ ठेवलं आहेस ते पाहून बरं वाटलं. पण वर्कबेंचच्या कोपऱ्यात व्हॅसलीनची डबी दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. का, ते ऐक.

काही वर्षांपूर्वी एका पंपवाल्यांना आम्ही ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या ओ-रिंगा दिल्या. काम गरम पाण्याचं, म्हणजे ईपीडीएम योग्यच. मापं बरोबर, शोअर (रबराचा कडकपणा) 70, रिपोर्ट चोख. दोन महिन्यांत गळतीची तक्रार आली. परत आलेली रिंग मी हातात घेतली तेव्हा ती भिजवलेल्या मनुकेसारखी फुगली होती. नखाने दाबली की खड्डा तसाच राहायचा, आणि एका बाजूने ती खाचेबाहेर येऊन धातूच्या कडेवर चिरली होती. मी त्यांच्या जुळणीच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. रिंग खाचेतून पडू नये म्हणून कामगार तिला पेट्रोलियम जेली लावत होता. ईपीडीएमला पाणी, ग्लायकॉल, वाफ सगळं चालतं, पण खनिज तेल अजिबात चालत नाही. बोटभर जेलीने चांगला माल वाया गेला. म्हणून रिंगेचं रबर कुठलं हे कळल्याशिवाय तिला काहीही लावू नकोस. ईपीडीएम असेल तर सिलिकॉन ग्रीस लाव. सिलिकॉन रबर असेल तर सिलिकॉन ग्रीसही नको, कारण त्यानेच ते फुगतं.

इंजिन तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी एकदा रबराच्या बाजूने बघ. बिडाचं हाउसिंग (इंजिनाचं कवच), ॲल्युमिनियमचं, पुन्हा बिडाचं, पुन्हा ॲल्युमिनियमचं, शेवटी बिडाचं, असे पाच थर लांब बोल्टांनी आवळलेले. सांधे चार आणि प्रत्येक सांध्यात दोन रिंगा, म्हणजे आठ. बाहेरच्या रिंगेने पाणी इंजिनातून बाहेर जाऊ द्यायचं नाही. आतल्या रिंगेच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला आग. आठही रिंगांना एकच नाव असलं तरी ही दोन वेगळी कामं आहेत. "सगळ्या व्हायटनमध्ये काढ" हे वाक्य मला खटकलं ते इथेच.

त्यात ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. तुझ्या हाउसिंगची आतली लांबी 240 मिलिमीटर. इंजिन 80 अंशांनी तापलं की त्या लांबीत दोन धातूंमधला फरक पाव मिलिमीटरच्या आसपास जातो. बोल्ट तो बराचसा अडवतात, पण सांध्याची ओढाताण व्हायची ती होतेच. शिवाय पिस्टनच्या इंजिनात एकाच सिलिंडरला थंड हवा आणि आग दोन्ही आळीपाळीने मिळतात. तुझ्या वँकेलमध्ये, म्हणजे पिस्टनऐवजी रोटर फिरणाऱ्या इंजिनात, आग कायम प्लगच्या बाजूला आणि थंड हवा कायम दुसऱ्या बाजूला. एकच रिंग अर्धी भट्टीशेजारी आणि अर्धी सावलीत. ती आधी जाते ती बहुधा प्लगच्या बाजूलाच.

आता व्हायटन. तेल, पेट्रोल, 200 अंशांची कोरडी उष्णता हे सगळं ते उत्तम सोसतं, म्हणून त्याचा दबदबा. पण गरम पाणी आणि वाफ हे साध्या व्हायटनचं दुखणं आहे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाण्याचं मिश्रण, किंचित अल्कधर्मी असतो, आणि साध्या प्रतीचं व्हायटन वर्षानुवर्षं गरम अल्कात राहिलं की कडक होतं, भेगाळतं. पेरॉक्साइडने क्युअर केलेल्या (पक्क्या केलेल्या) प्रती याला बऱ्याच टिकतात. पाकिटावर मात्र दोन्हींना व्हायटनच लिहिलेलं असतं. शिवाय थंडी. साधं व्हायटन उणे 20 च्या आसपास लवचिकपणा गमावतं, आणि तुमच्याकडे जानेवारीची सकाळ त्याच्याही खाली जाते. अशा सकाळी ॲल्युमिनियम आकसलेलं असतं, रिंग ताठ असते आणि तू स्टार्टर मारतोस. आधी हीटरने इंजिन ऊबदार कर, मग रिंग कुठलीही असो.

सिलिकॉन थंडीत छान, उष्णतेतही छान, पण लवकर फाटतं आणि गरम तेल-पेट्रोलात फुगतं. बाहेरच्या जागी मला ते चाललं असतं, आतल्या जागी नाही. नायट्राइल रबर त्या उष्णतेत कडक होतं, तो विषय संपला. टेफ्लॉनचं आवरण असलेली रिंग तुला फार आवडलेली दिसते. तिला रसायनं काही करत नाहीत हे खरं. पण ते आवरण ताणत नाही, बसवताना एकदा दुमडलं की ती घडी मिटत नाही, आणि त्याच घडीतून गॅस वाट काढतो. सपाट, नव्या, निर्दोष खाचेत ती चांगली. तुझी हाउसिंगं जुन्या गाडीतली आहेत.

म्हणून मला रबरापेक्षा खाचेची काळजी जास्त वाटते. 1986 च्या मॉडेलपासून माझदाने सिलांच्या खाचा ॲल्युमिनियममधून काढून बिडाच्या हाउसिंगात नेल्या. त्याआधीच्या इंजिनांत त्या रोटर हाउसिंगातच होत्या. तुझं इंजिन कुठल्या पिढीचं आहे ते आधी बघ, कारण एका पिढीची रिंग दुसरीत बसवायची नसते. खाच बिडात असेल तर खाच आणि पाण्याचा मार्ग यांच्यामधली पातळ भिंत तपास. ती गंजून खाल्ली जाते, तडकते, कधी तिचा तुकडाच पडतो. बोटाचं नख तिच्यावरून सावकाश फिरव. नख अडलं तिथे भिंग लाव. तडा निघाला तर ते हाउसिंग बाजूला ठेव, त्यात कुठलीही महाग रिंग घालून उपयोग नाही.

मग माप. समजा, रिंगेची जाडी 4 मिलिमीटर, खाच 3.1 खोल आणि 4.6 रुंद. दाब पडला साडेबावीस टक्के, छान. पण रिंगेचा छेद 12.6 चौरस मिलिमीटर आणि खाचेचा 14.3, म्हणजे खाच थंडच 88 टक्के भरली. रबर 100 अंश तापलं की पाच टक्के फुगतं, कूलंट शोषून अजून पाच टक्के धर. झाली 97 टक्के. रबर दबतं असं आपण म्हणतो, पण ते फक्त आकार बदलतं, घनफळ सोडत नाही. खाच पूर्ण भरली की ते पाचरीसारखं वागतं आणि तीच पातळ भिंत आतून फोडतं. "जरा जाड रिंग घातली तर जास्त घट्ट बसेल" हा विचार मनात आला असेल तर काढून टाक. आग अडवायचं पहिलं काम धातूला धातू भिडून होतं. पृष्ठभाग सपाट आणि कोरडे, बोल्ट पुस्तकात दिलेल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळलेले. रबराने मागे उभं राहायचं असतं.

तू 1991 च्या ल मॉंच्या मोटार शर्यतीचं उदाहरण दिलंस, माझदाच्या वँकेल इंजिनाच्या 787बी गाडीने चोवीस तास दमदार धाव घेऊन शर्यत जिंकली म्हणून. आप्पा, तो आनंद मलाही तेवढाच आहे. पण ते चोवीस तास होते. तुझी रिंग दहा वर्षं रोज रात्री थंड होणार आणि दर शनिवारी तापणार. रबर त्यात संपतं, चपटं होऊन तसंच राहतं. आम्ही त्याला कॉम्प्रेशन सेट म्हणतो. 4 मिलिमीटरची रिंग 3 वर दाबून 70 तास भट्टीत ठेवायची, काढून अर्धा तास निवू द्यायची, मग मोजायची. 3.8 वर परत आली तर सेट 20 टक्के, रबर जिवंत आहे. 3.4 वर राहिली तर 60 टक्के, ती परत दाबच देणार नाही. वरून बघून दोन्ही सारख्याच काळ्या आणि चकचकीत असतात.

माझं मत विचारशील तर आठही जागी इंजिन बनवणाऱ्याच्याच मूळ रिंगा घाल, नव्या, बंद पाकिटातल्या. त्यांची मापं त्या खाचेसाठीच आहेत आणि असंख्य गाड्यांत त्या चाललेल्या आहेत. आणि वाचलेलं सगळं लक्ष कूलिंगकडे दे. गाडी रस्त्यावर इंजिनाची थोडीच ताकद वापरते, विमान तासभर पाऊण ताकदीवर खेचतं. एकदा जरी कूलंट उकळला तरी मी त्या रिंगांवर भरवसा ठेवणार नाही. रेडिएटरची टोपी 0.9 बारची असली तरी तो दाब बाहेरच्या हवेच्या वर मोजलेला असतो. 10,000 फुटांवर हवा 0.7 बारच्या आसपास, म्हणजे कूलंट उकळण्याआधी जमिनीवर जी मोकळीक होती ती वर तेवढी उरत नाही. आणि फक्त तापमानाच्या काट्यावर विसंबू नकोस. पाणीच निघून गेलं तर सेन्सर कोरड्या हवेत राहतो आणि काटा शांत दिसतो. कूलंटच्या दाबाचा सेन्सर लाव, दाब उतरला की लाल दिवा पेटेल असा. सिलांच्या खर्चात एखादा रुपया वाचवायचा असेल तर वाचव, पण हा दिवा सोडू नकोस.

पहिल्यांदा चालवल्यावर गार इंजिनाला पंपाने दाब देऊन रात्रभर ठेव. सकाळी काटा तिथेच हवा. टाकीत बुडबुडे येत असतील, सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर कितीही मन झालं तरी विमान हँगरबाहेर काढू नकोस.

मी सेट करणार नाही, पण चाचणी करून देतो. तुझ्या मनात असलेल्या प्रत्येक प्रकारच्या रिंगेचा वीतभर तुकडा पाठव. मूळ रिंगेचाही एक पाठव, आणि तू भरणार असलेल्या कूलंटचं नाव लिही. मी ते तुकडे स्टीलच्या बंद डबीत कूलंटसकट भट्टीत ठेवतो, वजन, जाडी आणि शोअर आधी-नंतर मोजतो आणि आकडे जसेच्या तसे कळवतो. खाचेची खोली चारही हाउसिंग-सांध्यांवर बारा-बारा ठिकाणी मोजून वहीत लिही, आणि प्लगच्या बाजूच्या नोंदींवर खूण कर. त्याचा फोटो आधी आला तरी चालेल.

तोवर इंजिनाची जुळणी करून बोल्ट आवळू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दादू