आप्पांच्या वाड्यावरचा विज्ञानाचा तास

आदरणीय आप्पा,

सादर नमस्कार. मेंढरांमागे फिरताना आपला मुक्काम दर चार दिवसांनी बदलतो, त्यामुळे टपालाने पत्र पाठवावे असा पत्ता माझ्याजवळ नाही. म्हणून हे पत्र उघडच लिहीत आहे. आपला नातू ते मोबाईलवर वाचून दाखवील.

साक्री तालुक्यातील आमच्या शाळेत नववीला हवामान बदल शिकवताना मी आजवर वितळणारे हिमनग आणि ध्रुवावरची अस्वले दाखवत आलो. मुले ते पाठ करीत आणि परीक्षेत बरोबर लिहीत. पण वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या बाजरीशी आणि मेंढरांशी त्याचा काही संबंध आहे, असे त्यांना वाटत नसे, आणि खरे सांगायचे तर मीही तो कधी जोडून दाखवला नव्हता. दिवाळीनंतर आपला वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, गावशिवारात बसला असताना आपण बत्तीस मुलांना दोन सकाळी मेंढरे कोंडायच्या जाळीजवळ, वाघरीजवळ, बसू दिलेत आणि कामाच्या घाईतही त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलेत, त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे.

आंत्रविषार या मेंढ्यांच्या रोगाची गोष्ट मुले अजून विसरलेली नाहीत. पहिल्या पावसानंतर फुटलेले कोवळे, लुसलुशीत गवत मेंढी अधाशासारखी खाते, तिच्या आतड्यातले जंतू एकाएकी वाढून विष तयार करतात आणि संध्याकाळी धडधाकट दिसलेली मेंढी सकाळी मेलेली सापडते. म्हणून लस पावसाळ्याआधी टोचावी लागते, हे आपण सांगितलेत. मग आपणच विचारलेत, की पाऊसच वेळापत्रक पाळत नसेल तर ‘आधी’ म्हणजे नेमके केव्हा? हवामान बदलावरचा इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गात आजवर कोणी विचारला नव्हता.

पूर्वीची चार-चार दिवसांची झडी आता दोन तासांत कोसळून नाल्याने वाहून जाते, असे आपण म्हणालात. शाळेत परतल्यावर मी फळ्यावर त्यामागचे कारण मांडले: हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते, आणि ते बाष्प सुटते तेव्हा सर जोरदार येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे आढळले होते, तेही सांगितले. एका माणसाची आठवण हा पुरावा नसतो, हेही मुलांना सांगणे भाग होते. आपण रागावणार नाही, याची मला खात्री आहे, कारण त्याहून मोठी सावधगिरी आपण स्वतः दाखवलीत. चराई कमी होण्याचे खापर मुले पावसावर फोडू लागली, तेव्हा आपण त्यांना थांबवलेत. विहिरी आणि मोटारी आल्यामुळे पडीक राहणारे वावर आता कांद्याखाली जाते, गायरानावर नांगर फिरला आणि बांधांना तारा आल्या, हा दोष आभाळाचा नाही, असे आपण स्पष्ट सांगितलेत. ब्राह्मणवेलच्या बाजूला डोंगरावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांकडे बोट दाखवून, त्यांच्याखाली मेंढी चरू शकते पण सौर पाट्यांना कुंपण लागते, हा फरकही आपणच दाखवलात. त्यावर आमच्या वर्गात पूर्ण एक तास वाद झाला आणि तो मिटला नाही.

एका मुलीने मेंढीच्या ढेकरातून मिथेन वायू निघतो आणि तोही हवा तापवतो, असे धीटपणे म्हटले, तेव्हा मी ओशाळलो होतो. ती चुकली नव्हती: शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवतो, मात्र तो हवेत बारा-एक वर्षेच टिकतो. आपण हसून तिला विचारलेत, की घोड्याच्या पाठीवर सारा संसार हलवणाऱ्याच्या धुराचा हिशेब कसा लावायचा. ते गणित आम्ही अजून सोडवतो आहोत.

अवकाळी पावसाबद्दल मात्र आपण फार बोलला नाहीत. भिजलेली लोकर, रात्रीचा गारठा, उघड्यावरची कोकरे आणि सकाळपर्यंत झालेला फुफ्फुसदाह, इतकेच सांगून आपण उठून गेलात, आणि पुढचे आपल्या नातवाने सांगितले. वर्गात मान खाली घालून बसणारा तो मुलगा त्या दिवशी अर्धा तास बोलला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी वर्षानुवर्षे गैरहजेरीच्या खुणा करीत आलो, याची मला त्या वेळी लाज वाटली.

त्याचे विज्ञानाचे पुस्तक वर्गातच राहिले आहे. ते मी कपाटात जपून ठेवले आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आपण परत याल तेव्हा लस टोचण्याचा दिवस चार दिवस आधी कळवावा. सुट्टी असली तरी मुले मेंढ्या धरायला येणार आहेत.

आपला नम्र,
नववीचा विज्ञान शिक्षक
तालुका साक्री, जिल्हा धुळे