मराठी संकेतस्थळांची मांडणी रोमन साच्यात का?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात घरपट्टीची पावती काढण्यासाठी एका नगरपालिकेचे संकेतस्थळ मोबाइलवर उघडले. पहिल्या पडद्यावर आपोआप सरकणारी छायाचित्रे, पदाधिकाऱ्यांचे चेहरे आणि लाल अक्षरांत धावणारी सूचना एवढेच होते. पावतीचा दुवा सापडला तो सात-आठ वेळा पान सरकवल्यावर, ‘इतर सेवा’ या शीर्षकाखाली, राखाडी पार्श्वभूमीवरच्या राखाडी अक्षरांत. आयुष्याची तीस वर्षे छापखान्यात पाने लावण्यात गेल्यामुळे मला राग आला तो सेवेचा नव्हे, मांडणीचा.

वर्तमानपत्रात कोणती बातमी किती स्तंभांची आणि घडीच्या वर की खाली, हे ठरल्याखेरीज पान लागत नाही. एका पानावर चार मथळे सारख्याच टायपात लावले, तर आमचे संपादक ते पान परत पाठवत असत. संकेतस्थळालाही हाच न्याय लागू आहे. लोक ज्या कामासाठी येतात ते आधी आणि मोठे दिसावे, एकमेकांशी संबंधित गोष्टी जवळ असाव्यात आणि दोन गटांमध्ये मोकळी जागा असावी. पावतीसाठी भरायच्या अर्जात ‘मालमत्ता क्रमांक’ हे शब्द स्वतःच्या चौकटीपेक्षा वरच्या चौकटीला अधिक चिकटलेले होते, त्यामुळे मी तो क्रमांक मोबाइल क्रमांकाच्या जागी भरला.

याहून मोठी अडचण आपल्या लिपीची आहे. संकेतस्थळांचे बहुतेक तयार साचे इंग्रजीच्या रोमन लिपीसाठी आखलेले असतात आणि त्यांत मराठी मजकूर नुसता ओतला जातो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. दोन ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने ठेवले की वरच्या ओळीतल्या ‘पूर्ण’चा दीर्घ ऊकार खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या वेलांटीत अडकतो. मथळा भारदस्त दिसावा म्हणून इंग्रजीच्या चालीने अक्षरे दूर दूर केली, तर शिरोरेषाच तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरे होतात. दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा हट्टही असाच. आपले शब्द लांब, ओळीअखेर ते तोडण्याची सोय सहसा केलेली नसते, त्यामुळे मोबाइलच्या अरुंद स्तंभात एका ओळीत दोनच शब्द उरतात आणि मध्ये भलीमोठी फट. तिथे उजवी कडा खुशाल वेडीवाकडी राहू द्यावी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेने घडवलेल्या ‘मुक्ता’सारखे देवनागरी टंक (फॉन्ट) आज विनामूल्य मिळत असताना टंक नाही ही सबबही चालणार नाही.

पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलावी, हा विचार संकेतस्थळ-रचनाकार ईथन मार्कोट यांनी २०१० मध्येच मांडला होता. संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत म्हणून ठरवलेल्या जागतिक सुगम्यता निकषांच्या (डब्ल्यूसीएजी) २०१८ च्या आवृत्तीनुसार साध्या मजकुराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हवे, आणि वाचकाने ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट केले तरी मजकूर कापला जाता कामा नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माझ्यासारख्याला त्या राखाडी अक्षरांपुढे हे आकडे फार जवळचे वाटतात.

माझी सूचना साधी आहे. सार्वजनिक संस्थांनी संकेतस्थळाचा नमुना मंजूर करताना तो कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर इंग्रजी मजकुरासह पाहू नये. खरा मराठी मजकूर भरून, स्वस्तातल्या मोबाइलवर, भर उन्हात, साठीच्या पुढच्या एखाद्या नागरिकाच्या हाती तो द्यावा आणि पावती काढायला सांगावे. त्याला ती मिळेपर्यंत कंत्राटदाराचे देयक थांबवावे.

आपला,
एक निवृत्त मुद्रक