दूध बघ

सिअ‍ॅटल,
१२ ऑक्टोबर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. गेल्या रविवारी फोनवर मी म्हटलं की हल्ली घरी लाटे आर्ट शिकतेय, तर आई म्हणाली, "बरं, मग पोळपाट नवा घे." बाबा हसले, मीही हसले आणि विषय तिथेच राहिला. म्हणून आता सविस्तर लिहिते.

आई, याचा पोळ्या लाटण्याशी काही संबंध नाही. लात्ते म्हणजे इटालियनमध्ये नुसतं दूध. तिकडे कॅफेत जाऊन 'लात्ते' मागितलं तर पेलाभर दूधच समोर येतं. इकडे मात्र लाटे म्हणजे दुधाची कॉफी, आणि तिच्यावर पांढऱ्या फेसाचं जे पान-फूल दिसतं ते लाटे आर्ट. काडीने वा चमच्याने काढायचं नाही, दूध ओततानाच ते उमटलं पाहिजे. रांगोळी येते त्याला हे येईल असं मला वाटलं होतं. पण रांगोळी ठेवली तिथे राहते, हे वाहून जातं.

ऑफिसातली एक मुलगी घर बदलत होती, तिचं जुनं मशीन मी घेतलं. (किती पडलं ते खाली लिहिते.) साधंच आहे, बॉयलर एकच. त्यामुळे आधी कॉफी काढायची, मग मिनिटभर वाट बघायची आणि मग वाफ. वाफेच्या नळीत साचलेलं पाणी आधी फुर्रकन बाहेर सोडायचं, नाहीतर ते दुधात जातं. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

बाबा, या गावात हे वेड रुजवणारा माणूस तुमच्या जातकुळीतला आहे. डेव्हिड शोमर. आधी बोईंगमध्ये मोजमापाच्या कामात होता. १९८८ मध्ये त्याने इथे कॉफीची गाडी लावली, आपल्याकडे भेळेची लावतात तशी. वर्षभरात कपावर बदाम उमटू लागला. पुढे इटलीतल्या एका कॅफेचा फोटो बघून १९९२ मध्ये त्याने नेच्याच्या पानासारखी नक्षी आपल्या हाताने घडवली. शिकवायला कोणी नाही, समोर नुसता फोटो. तुम्ही जर्मन कॅटलॉगमधल्या चित्रावरून फिक्श्चर (मशीनवर काम घट्ट पकडून ठेवायचं साधन) बनवलं होतं, त्याची मला आठवण झाली. त्याचं दुकान अजून आहे. याल तेव्हा नेईन.

तर मीही सुरुवात तुमच्या पद्धतीने केली. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आणला, थर्मामीटर आणला, वही घातली. पूड १८ ग्रॅम, कपात उतरलेली कॉफी ३६ ग्रॅम, वेळ २५ ते ३० सेकंद. रकाने आखले होते, शेराही लिहीत होते. कॉफी आठवड्यात जमली. दूध काही केल्या जमेना.

दुधाचं असं आहे. फ्रीजमधलं थंडगार दूध स्टीलच्या चोचवाल्या भांड्यात चोचीच्या थोडं खाली येईल इतकं घ्यायचं. नळीचं टोक जेमतेम पृष्ठभागाखाली ठेवून वाफ सोडायची. पहिले काही सेकंद हवा आत ओढली जाते. भांडं हाताला कोमट लागलं की टोक जरा खाली घालायचं आणि दूध भोवऱ्यासारखं फिरवत ठेवायचं, म्हणजे मोठे बुडबुडे मोडून त्यांचा बारीक फेस होतो, इतका बारीक की बुडबुडा म्हणून दिसतच नाही. दूध ओल्या रंगासारखं चकाकतं. ५५ ते ६५ अंशांच्या मध्ये थांबायचं. सत्तरच्या पुढे गेलं की इथली मंडळी नाक मुरडतात, म्हणे शिजल्याचा वास येतो. आई, आपण ज्या वासासाठी तासभर उभं राहून बासुंदी आटवतो तोच हा वास! यांना काय सांगणार?

माझ्या दुधावर साबणाच्या पाण्यासारखे फुगे यायचे आणि ओतलं की सगळा फेस एकदम भदकन पडायचा. चिनूने प्रत्येक कपाचं बारसं केलं. कांदा. बटाटा. आजोबांचा बूट. एकदा तर नुसतंच "अरेरे."

दूध किती वाया गेलं ते ऐकून आई मला घराबाहेर काढेल, म्हणून आधीच सांगते की बरंचसं दही लावून संपवलं. नंतर एक युक्ती समजली. साध्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून त्याला वाफ द्यायची. दुधासारखाच फेस येतो, सराव फुकटात होतो आणि भांडंही आपसूक घासलं जातं.

आई, तू इथे आली होतीस तेव्हा तीन दिवस दूध तापवून साय यायची वाट बघत होतीस आणि चौथ्या दिवशी म्हणालीस, "या गाईंना काहीतरी झालंय." गाई बऱ्या आहेत. इथे डेअरीत दुधातली चरबी दाबाने इतकी बारीक फोडतात की ती वर येऊन जमतच नाही. होमोजिनाइज्ड म्हणतात ते हेच. लाट्याला ते सोयीचं पडतं, कारण मधे साय आडवी येत नाही. आपल्या रतीबाच्या म्हशीच्या दुधाचा असा फेस कसा होईल ते मला बघायचंच आहे. डिसेंबरात येते तेव्हा भांडं घेऊन येईन, मशीन नाही. काहीतरी जुगाड करू.

आता मुख्य गोष्ट. दूध जमलं ते कसं, ते सांगायचंय.

एके दिवशी थर्मामीटरचा सेल संपला. रात्रीचे दहा वाजलेले, चिनू झोपलेली, म्हणून मी ओट्यावरचा पंखाही बंद केला होता. वाफ सोडली आणि पहिल्यांदाच दुधाचा आवाज नीट कानावर आला. आधी बारीक चर्रचर्र, कागद हळूहळू फाडावा तशी. तेवढीच हवा पुरे. आजवर मी टोक खोल बुडवत होते, म्हणून ते किंचाळत होतं. ती किंकाळी मशीनचीच आहे असं मी धरून चालले होते. टोक वर घेतलं, किंकाळी गेली. मग दूध फिरायला लागलं, आवाज मऊ झाला आणि शेवटी खाली उतरून घुमायला लागला. तिथे वाफ बंद केली. कपात उंचावरून बारीक धार सोडली, म्हणजे दूध कॉफीच्या खाली जातं. कप अर्धा भरला तशी चोच अगदी कॉफीला टेकवत आणली आणि धार वाढवली. पांढरं वर आलं, पसरलं. शेवटी भांडं जरा उचलून मधून धार नेली. बदाम! अगदी बदाम नाही, एका बाजूला कललेलं पिंपळाचं पान म्हणा. पण चिनूने त्याला बटाटा म्हटलं नसतं.

आणि मला तू आठवलीस. देवघरात पोथी वाचत बसलेली, पाठ स्वयंपाकघराकडे, आणि ओळ न सोडता मधेच, "मने, दूध बघ." मी पळत जाऊन बघावं तर दूध वर यायला नुकतं लागलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं तुला पाठीलाही डोळे आहेत. ते कानाचं काम होतं. तापत्या दुधाचं ते बारीक सूंऽऽ वेगळं होतं आणि तुला पोथीतून ऐकू यायचं.

बाबांनी मागच्या महिन्यात सांगितलं की दोनदा दूध उतू गेलं, एकदा तर पातेलं करपलं, आणि आई ओट्यापाशीच भाजी निवडत होती. बाबा, तुम्ही ते हसत सांगितलंत. आई म्हणाली, "लक्ष नव्हतं." मीही विश्वास ठेवला. त्या रात्री कप हातात घेऊन बसले आणि एकेक आठवत गेलं. टीव्हीचा आवाज फोनमधून मला इथे ऐकू येतो इतका मोठा. चिनू बोलली की तू नुसती हसतेस. आणि तो पोळपाट. आई, ती थट्टा नव्हती ना? तुला 'लाटे' एवढंच ऐकू आलं.

वयाबरोबर कान उतरतो तेव्हा आधी बारीक, तीव्र आवाज जातात. स, श, फ असली अक्षरं जातात, लहान मुलांचं बोलणं जातं, दुधाचं सूं जातं. जाड आवाज नीट ऐकू येतात, म्हणून माणसाला वाटतं आपला कान ठीक आहे, लोकच पुटपुटतात. यात लाजण्यासारखं काय आहे? तुझं माहेर मिरजेचं. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवत कानाने जवारी (तारेचा घुमारा) लावणारे हात तू लहानपणी दारातून बघत उभी राहायचीस, हे तूच मला सांगितलंयस. आजोळच्या त्या गल्लीतल्या मुलीने कान तपासायला आढेवेढे घ्यावेत हे मला पटत नाही.

फोनवर हे सांगितलं असतं तर तू "हो हो" म्हणाली असतीस. ऐकू आल्यावरचं तुझं हो आणि न ऐकताचं हो, दोन्ही मला आता वेगळं कळतं. म्हणून कागदावर लिहिलंय.

बाबा, हे काम तुमचं. मिरजेत कानाच्या डॉक्टरांना तोटा नाही. ऑडिओमेट्री करायची आहे म्हणून सांगा. शांत खोलीत कानाला हेडफोन लावतात, बारीक टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. सुई नाही, काही नाही, साधारण अर्ध्या तासाचं काम. शेवटी आलेख देतात. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. आडवी पट्टी आवाज जाड की बारीक त्याची, उभी किती मोठा आवाज लागतो त्याची, आणि खुणा जितक्या खाली तितकं ऐकू कमी. तुम्हाला वाचता येईल. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तिरपे नकोत.

करपलं पातेलं तारेने घासू नका. पाण्यात खायचा सोडा घालून उकळा आणि रात्रभर तसंच ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. मशीन १५० डॉलरला पडलं. बाबा, आईला हे वाचून दाखवताना ही ओळ गाळा.