काकांना दुष्ट करू नकोस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पटकथेचा खर्डा वाचला, मग मूळ कथा शेजारी घेऊन पुन्हा चाळला. संवाद झकास उतरलेत, त्यांच्याबद्दल सवडीने लिहीन. आज फक्त काकांबद्दल, कारण वाचल्यापासून तेच डोक्यात घोळतायत.

कथेतले काका चिक्कू आहेत. पुतण्या वाचत बसलेला असला तरी येता-जाता कंदिलाची वात बारीक करतात. पण त्याच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ते उठतात, कंदिलापाशी येऊन थांबतात आणि वातीला हात न लावता परत जाऊन निजतात. तोंडातून अवाक्षर नाही. अशा माणसाच्या ट्रंकेतून पुतण्या पैसे चोरतो, म्हणून ती चोरी जिव्हारी लागते. तुझ्या खर्ड्यातून ती रात्र गायब झाली आणि तिसऱ्याच दृश्यात काकांनी पुतण्याच्या मुस्काटात मारली. आता चोरी झाली की प्रेक्षक म्हणणार, बरी अद्दल घडली म्हाताऱ्याला! पुतण्या सुटला खरा, पण त्याने काही केलं असं उरलंच नाही.

पडद्यासाठी माणसं बदलावी लागतात, हे मलाही मान्य आहे. लेखक पात्राच्या मनात शिरून पानंच्या पानं लिहू शकतो. कॅमेऱ्यापुढे चेहरा असतो, आवाज असतो, हालचाल असते. मनातलं सगळं त्यातूनच दिसायला हवं. शिवाय वेळ थोडा. दोन पात्रांचं एक करावं लागतं, कुणाला बोलकं करावं लागतं. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

काही वेळा तर बदलानेच माणूस जास्त कळतो. 'शतरंज के खिलाडी' आठव. प्रेमचंदांच्या कथेत मिर्झा आणि मीर हे लखनौचे बुद्धिबळवेडे जहागीरदार शेवटी तलवारी उपसतात आणि दोघंही मरतात. इंग्रजांनी अवधचं राज्य बुडवलं तेव्हा ज्यांचं रक्त तापलं नाही, ते बुद्धिबळाच्या डावावरून जीव देतात. सत्यजित राय यांच्या 1977 च्या चित्रपटात पिस्तूल झाडलं जातं, पण दोघंही जगतात आणि पुन्हा डाव मांडून बसतात, तोही इंग्रजी पद्धतीचा. प्रेमचंदांनी त्यांना निदान आपसात लढण्याइतकी धमक दिली होती, राय यांनी तीही काढून घेतली. तरी माणसं तीच राहिली. त्यांचा निष्काळजीपणा त्यांच्याच माथी आहे, दुसऱ्या कुणावर ढकललेला नाही.

याच्या उलट 'गाईड'. आर. के. नारायण यांच्या 1958 च्या कादंबरीतला मार्को लेण्यांच्या अभ्यासात बुडालेला, रूक्ष माणूस आहे. बायकोचं नृत्य त्याच्या लेखी काहीच नाही. पण तो बाहेरख्याली नाही. त्याची बायको रोझी राजू या गाईडकडे ओढली जाते ती या कोरडेपणामुळे, आणि त्यात तिची स्वतःची इच्छा आहे. 1965 च्या हिंदी चित्रपटात मार्को परस्त्रीबरोबर सापडतो आणि मग रोझी त्याला सोडते. वहिदा रेहमान यांचं काम मला अतिशय आवडतं, गाणी तर विचारूच नकोस. पण प्रत्येक वेळी त्या प्रसंगाशी मी अडखळतो. विवाहित बाई स्वतःच्या ओढीने परपुरुषाकडे जाते, हे त्या काळच्या प्रेक्षकांना पचावं म्हणून नवऱ्याला काळं फासलं गेलं, असं मला वाटतं. रोझीला सहानुभूती मिळाली, तिचा निर्णय मात्र अर्धा झाला.

तुझ्या काकांचंही हेच होतंय. 'नायक आवडला पाहिजे' असा निर्मात्यांचा आग्रह असणार, आणि त्यांचे पैसे अडकलेत हे मी समजू शकतो. मग पुतण्याला आवडेल असं काहीतरी करू दे ना! तो हुशार आहे, नकला करतो, धाकट्या बहिणीला सांभाळतो, हे सगळं कथेतच आहे. ते वाढव. काकांचं माप कमी करून त्याचं वाढवायला जाऊ नकोस.

मुस्काटात मारणं काढ आणि कंदिलाची रात्र परत घे. तिथे संवादच नाही, चांगल्या नटाला त्याहून जास्त काय हवं? पुतण्या जागा असतो का, त्याने काकांना पाहिलं का, हे कथेत मोघम आहे. तुला ठरवावं लागेल. माझं मत, त्याने पाहिलेलं असावं. तरीही तो चोरतो.

निर्मात्यांना भेटण्याआधी तिसरं दृश्य नव्याने लिहून पाठव, लगेच वाचून फोन करतो.

तुझा,
अविनाश